एका काडीच्या बारा काड्या

त्या गुरुवारी सकाळी नानासोंना काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. ‘तुमच्या काड्या दुसऱ्या लॅबला न्या. माझ्याच्यानं आता होत नाही.’ दोनदा मनातल्या मनात म्हणूनही बघितलं होतं. दोन्ही वेळा दुसरं वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

तासगावात, घराच्या पुढच्या खोलीत, माझी द्राक्षकाड्या तपासायची लहानशी प्रयोगशाळा आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी शेतकरी बागेतून काड्या तोडून आणतात. सुतळीनं बांधलेली जुडी, तिला चिंधी, चिंधीवर नाव आणि गट नंबर. काडीवर पेरापेराला जी कळी असते तिला इकडं डोळा म्हणतात. पुढच्या हंगामाचा घड त्या डोळ्याच्या पोटात आधीच तयार झालेला असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक. ब्लेडनं डोळा उभा कापायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि बघायचं, आत घड आहे की नुसतीच बाळी. बाळी म्हणजे वेल आधाराला गुंडाळतो तो पीळदार तंतू. तिला द्राक्षं लागत नाहीत. चौथ्या डोळ्यात घड असेल तर चौथ्याच्या पुढं कात्री लावायची, पाचव्यात असेल तर पाचव्याच्या. एका डोळ्याची चूक झाली की बाग फुटते छान, हिरवीगार होते, आणि वर्षभर तिच्याकडं नुसतं बघत बसायचं.

पूर्वी मी सूक्ष्मदर्शकाच्या नळीतच बघायची. पण आमच्याकडचा शेतकरी कागदावर लिहिलेल्या आकड्यावर छाटणी करत नाही. ‘दाखवा’ म्हणतो. आणि एकटा येत नाही. भाऊ येतो, चुलता येतो, घरची बाई येते. बाग सगळ्यांची असते, त्यामुळं घड सगळ्यांना एकाच वेळी दिसावा लागतो. म्हणून नळीला कॅमेरा जोडला, आणि जुना मॉनिटर बिघडल्यावर जुलैत नवा, मोठा घेतला.

जुलैपासूनच डोकं दुखायला लागलं. मी वहीत नोंदी ठेवल्या होत्या. अकराला काम सुरू केलं की साडेअकराला डाव्या भुवईच्या वर बारीक टोचणी. बाराला ती मागं मानेपर्यंत. साडेबाराला मळमळ, आणि मग उरलेला दिवस वाया. सांगलीच्या डॉक्टरांनी डोळे नीट तपासले. नंबर बदललेला नव्हता, दाबही ठीक होता. स्क्रीनसमोर कमी बसा म्हणाले. सासूबाई चंदनबाला म्हणाल्या, पित्त. भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं तेव्हा मी दरवर्षीसारखं एकाशन धरलं, दिवसातून एकदाच जेवण, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी ते सोडायला लावलं. मी म्हटलं, “आई, पर्व आत्ता सुरू झालंय, डोकं दोन महिने दुखतंय.” त्या म्हणाल्या, “मग तो उजेड तरी कमी कर त्या पेटीचा.”

उजेड कमी करायला सगळ्यांनीच सांगितलं. मी केला. नवा आला तेव्हा तो ऐंशीवर होता; ऐंशीवरून साठ, साठावरून चाळीस, चाळीसावरून वीस. डोळ्यांना बरा म्हणून पडद्याचा पिवळसर रंगही चालू केला. दुखणं वाढतच गेलं.

आणि सोमवारी माझ्या हातून चूक झाली. एका बागेचे तिसरे डोळे मेलेले आहेत असं मी लिहून दिलं. मेलेला डोळा आतून तपकिरी दिसतो, जिवंत पोपटी. दुसऱ्या दिवशी शंका आली म्हणून शिल्लक काड्या खिडकीतल्या उजेडात कापल्या तर सगळे जिवंत. पडद्याच्या पिवळेपणानं मला फसवलं होतं, आणि डोक्यात घण बसत असताना मी दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. लगेच फोन केला. छाटणी व्हायची होती म्हणून निभावलं. पण पुढच्या वेळी छाटणी होऊन गेलेली असली तर? म्हणून ठरवलं, हे काम बंद करायचं.

नानासो मणेराजुरीच्या बागायतदार गटाचे प्रमुख. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गटाचे सव्वीस प्लॉट, छाटणीची टोळी सोमवारपासून ठरलेली, आणि रविवारपर्यंत सगळे निकाल हवे होते.

“जय हिंद, मॅडम!” ते दारातूनच म्हणाले. मागं धाकटा भाऊ गुंडा, दोन्ही हातांत काड्यांच्या पिशव्या.

“बसा, नानासो. मला जरा बोलायचंय.”

“बोलू की. आदी आमचं भांडान मिटवा. ह्यो म्हंतोय चौथ्यावर छाटू, मी म्हंतोय पाचव्यावर. बाग येक, कात्री येक आन डोकी दोन.”

“दोन कुठली, दीड,” गुंडा म्हणाला. “दादाचं अर्धं मिलिटरीतच जमा हाय.”

एवढी एक जुडी बघू आणि मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. चौथा डोळा कापला, कॅमेरा लावला. दोघं भाऊ माझ्या मागं उभे राहिले.

“आवं, दिवा एवडा बारीक का केलाय?” नानासोंनी विचारलं. “लाईटबिल वाचवताय व्हय?”

“डोकं दुखतं उजेडानं.”

“माजं बी दुकतंय घरात टीव्ही लावला की.”

“ते टीव्हीनं न्हाई, वैनीनं,” गुंडा म्हणाला.

पडद्यावर डोळ्याचा छेद आला. मध्ये एक लहानसा उंचवटा.

“बाळी हाय,” नानासो म्हणाले.

“घड हाय,” गुंडा म्हणाला.

“घड असा असतो व्हय रं? असा?” नानासोंनी पिशवीतली एक काडी उपसली आणि पडद्यासमोर जोरानं डावी-उजवी हलवली, शाळेतल्या मास्तरासारखी. “घडाला खांदं असत्यात! दिसत्यात का खांदं? दिसत्यात का?”

मला खांदे दिसले नाहीत. मला काड्या दिसल्या. नानासोंच्या हातात एकच काडी होती, पण पडद्यासमोर ती दहा-बारा झाली होती, एकमेकींपासून सुट्या, कंगव्याच्या दातांसारख्या.

“नानासो, पुन्हा हलवा.”

“आं?”

“काडी. आत्ता हलवली तशी. जोरात.”

त्यांनी गुंडाकडं बघितलं. गुंडानं खांदे उडवले. त्यांनी हलवली. पुन्हा कंगवा.

मी मॉनिटरचं बटण दाबत उजेड वीसवरून शंभरावर नेला. डोळे दिपले. “आता हलवा.” आता कंगवा नव्हता. काडी जिथून गेली तिथं नुसता धुरकट पट्टा, पंख्याच्या पात्यासारखा. उजेड परत वीसवर. कंगवा. चाळीसवर. कंगवा, पण दात जाड आणि जवळजवळ. शंभर. पट्टा.

“मॅडम,” गुंडा हळूच म्हणाला, “आमची बाग ऱ्हायली बाजूला.”

“थांबा हो दोन मिनिटं!” मी इतक्या जोरात म्हणाले की आतून सासूबाई बाहेर आल्या.

मी फोनचा कॅमेरा उघडला. त्यात शटरच्या उघडझापीचा वेळ ठरवता येतो. एका सेकंदाचा विसावा भाग ठेवला आणि नानासोंना म्हटलं, हलवत राहा. चौथ्या प्रयत्नाला फोटो नीट आला. मी दात मोजले. पुन्हा मोजले. बारा. सेकंदाच्या विसाव्या भागात बारा, म्हणजे एका सेकंदात दोनशे चाळीस.

“हा दिवा मंद जळत नाही,” मी म्हणाले. “तो विझतो आणि पेटतो. सेकंदाला दोनशे चाळीस वेळा. पेटलेला असतो तेवढ्या क्षणी तुमची काडी दिसते, विझला की दिसत नाही, पुन्हा पेटेपर्यंत ती पुढं सरकलेली असते. म्हणून बारा दिसतात. उजेड सलग असता तर पट्टा दिसला असता. शंभरावर तो सलग जळतो. मी उजेड कमी केला की तो मंद होत नाही, नुसता जास्त वेळ विझलेला राहतो.”

“म्हंजे तुमी जितका बारीक करत गेला...” गुंडा म्हणाला.

“तितका तो जास्त लुकलुकत गेला.”

“आयला,” नानासो म्हणाले. “औशद म्हून ईख पीत हुता की दोन म्हैनं!”

सासूबाई पदर सावरत पुढं आल्या. त्यांनी नानासोंच्या हातातून काडी घेतली, स्वतः एकदा हलवून बघितली आणि परत दिली. उजेड कमी कर, असं सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच मला सांगितलं होतं.

मला तिथंच उडी मारावीशी वाटत होती. पण पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला एवढ्यावर उडी मारता येत नाही. दिवा लुकलुकतो हे सिद्ध झालं होतं. माझं डोकं त्यानंच दुखतं हे झालं नव्हतं. अशा लुकलुकीचा त्रास सगळ्यांना होत नाही. माझ्या मनानंही घेतलेलं असू शकत होतं.

“फौजेत आमी दुश्मन दिसला की गोळी घालायचो,” नानासो म्हणाले. “कागुद भरत बसायचो न्हाई.”

“दुश्मन दिसलाय, पण मारलं त्यानंच का ते बघायचंय. काड्या ठेवून जा. उद्या सकाळी या.”

“आन आमचा चौथा-पाचवा?”

“तोही बघू. सगळे सव्वीस बघू.”

हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं.

ते गेल्यावर मी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि प्रयोग समजावून सांगितला. मॉनिटरवर तेच चित्र, तेवढंच उजळ, दोन तऱ्हांनी आणता येत होतं. एक, दिवा शंभरावर ठेवायचा आणि कॅमेऱ्याचं चित्रच काळसर करायचं. दोन, दिवा पंचवीसवर आणि चित्र उजळ. बघणाऱ्याला फरक कळत नाही, मी स्वतः दहा वेळा अदलाबदल करून खात्री केली होती. सासूबाईंनी चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत येईल ती मांडणी करायची, कागदावर लिहून तो जवळ ठेवायचा. मी बाहेर थांबायचं, मग येऊन पंधरा मिनिटं नेहमीसारखे डोळे कापून बघायचे आणि माझ्या वहीत दुखतंय की नाही एवढंच लिहायचं. मध्ये अर्धा तास विश्रांती. असे सहा डाव.

“म्हणजे मला कळणार आणि तुला नाही,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि मी सांगायचं नाही.”

“तोंडावरही दिसू द्यायचं नाही.”

त्यांचे डोळे चमकले. “हे मला जमेल. काडी इकडं दे. हलवून बघशील गुपचूप.” आणि त्यांनी माझ्या टेबलावरच्या सगळ्या जुड्यांतल्या, मला कापायला लागतील तेवढ्या सोडून, उरलेल्या काड्या गोळा करून देवघरात नेऊन ठेवल्या.

एरवी पर्वात आमच्या घरात हिरवी भाजी चिरत नाहीत. प्रयोगशाळेपुरता सासूबाईंचा निवाडा वेगळा आहे. ‘तोडणारा तोडून आणतो, तू फक्त आत बघतेस.’ त्या दिवशी मात्र त्या स्वतः माझ्याशेजारी बसून मी कापलेले डोळे बशीत लावत होत्या, आणि कुणी फोन केला की ‘प्रयोग चालू आहे’ असं सांगून ठेवून देत होत्या.

पहिला डाव: काही नाही. दुसरा: बाराव्या मिनिटाला टोचणी. तिसरा: काही नाही. चौथा: काही नाही. पाचवा: तिसऱ्याच मिनिटाला भुवईवर सुई, सातव्याला मला उठावं लागलं. सहावा डाव एक तासानं घेतला. हलकी टोचणी, शेवटी शेवटी.

“झालं. आता कागद द्या.”

“घड्याळ बघितलंस का? सूर्य मावळायला आला. आधी जेवून घे.”

“आई!”

“कागद कुठं पळून जात नाही. सूर्य जातो.”

आमच्या घरात सूर्यास्तानंतर चूल बंद. मी आयुष्यात इतक्या लवकर दोन चपात्या आणि वरण संपवलेलं नसेल. त्या समोर बसून शांतपणे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. कागद कमरेला खोचलेला होता. हात धुऊन आले तेव्हा त्यांनी तो उघडून माझ्या वहीशेजारी ठेवला.

पहिला, शंभर. दुसरा, पंचवीस. तिसरा, शंभर. चौथा, शंभर. सहावा, पंचवीस. सगळे जुळले. पाचव्यापुढं त्यांनी काहीतरी लिहून खोडलं होतं.

“पाचवा काय आहे?”

त्यांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “रागावू नकोस. चिठ्ठीत पंचवीस आलं होतं. मला वाटलं, खरंच उजेडानं होतंय का बघावं. मी दिवा दहावर नेला आणि चित्र आणखी उजळ केलं, तुला कळू नये म्हणून. मग तू पांढरीफटक होऊन उठलीस, तर मला इतकं वाईट वाटलं...”

मी त्यांना मिठीच मारली. त्यांना वाटलं होतं त्यांनी प्रयोग बिघडवला. त्यांनी तो पूर्ण केला होता. मला न कळता दिवा जास्त विझवला, तर दुखणं जास्त आलं, लवकर आलं. नुसता अंदाज बांधून सहाही डाव बरोबर सांगायची शक्यता चौसष्टात एक, आणि वर हा पाचवा. मी ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “चौसष्ट वगैरे तू बघ. मी एकशेआठ मोजते,” आणि जपमाळ घेऊन बसल्या. पण त्या रात्रभर मधूनमधून हसत असणार. सकाळी त्यांनीच फोन करून माझ्या नणंदेला सगळं सांगितलं, मी सांगायच्या आधी.

एक अडचण उरली होती. दिवा शंभरावर ठेवून चित्र उजळ सोडलं तर डोळे दिपत होते; चित्र काळसर केलं तर मला चालत होतं, मी पडद्यापासून हातभर अंतरावर. पण काळसर चित्रात बारीक छटा बुडतात, मागं उभ्या राहणाऱ्यांना त्या काळोखात घड दिसला नसता. शुक्रवारी सकाळी नानासो आले, त्यांना दाखवलं, तर म्हणाले, “काय बी दिसंना. आमाशेला बाग राखाय गेल्यागत वाटतंय.” मला असा मॉनिटर हवा होता ज्याचा दिवा कमी केल्यावर खरोखर मंद होतो, विझत नाही, आणि ज्यात पोपटी पोपटीच दिसतं. असे असतात, हे मी वाचलं होतं. कुठला तसा आहे हे बघून ठरवायचं होतं.

“मग चला की सांगलीला,” नानासो म्हणाले. “मला बी छाटल्यावर काडीला लावायची पेस्ट आणायचीच हाय. गाडी हाय.”

त्यांनी निघताना एक काडी घेतली. सरळ, दोन फुटी, पानं काढून साफ केलेली. वाटेत ती त्यांनी मांडीवर रायफलीसारखी धरली होती.

सांगलीत श्रेयसचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आम्ही कॉलेजला एका वर्गात होतो.

“जय जिनेंद्र, स्वप्नाली! किती दिवसांनी! आणि हे काय?”

“हत्यार हाय,” नानासो म्हणाले.

मी श्रेयसला काय हवंय ते सांगितलं. तो लगेच एका खोक्याकडं वळला. खोक्यावर डोळ्याचं चित्र, शेजारी हिरवं पान. “हाच घे. खास नाजूक डोळ्यांसाठी. सगळे हाच नेतात.”

“चालू कर. उजेड वीसवर घे.”

त्यानं घेतला. मी मान हलवली. नानासोंनी पवित्रा घेतला आणि काडी चालवली.

कंगवा. स्वच्छ, सुटासुटा कंगवा.

“हे काय चाललंय?” श्रेयस हसायला लागला. “भूत उतरवताय का माझ्या मॉनिटरचं?”

“भूत हाय म्हून तर दिसतंय,” नानासो म्हणाले. “मोजा मालक, किती काड्या?”

श्रेयस वाकला. त्याचं हसू थांबलं. “परत करा. परत.” मग स्वतः काडी मागून घेतली. डोळ्यांसाठीच्या त्या मॉनिटरमध्ये निळा प्रकाश कमी केलेला होता, ते खरं होतं. पण दिवा तसाच विझत-पेटत होता, आणि पडदा माझ्या सोमवारच्या चुकीइतकाच पिवळा.

त्यानंतर थांबायला कुणीच तयार नव्हतं. दुकानात नऊ मॉनिटर मांडलेले होते. श्रेयसनं सगळे चालू केले, सगळ्यांवर पांढरा पडदा, सगळे वीसवर. नानासो ओळीनं चालले. “येक!” कंगवा. “दोन!” कंगवा. “तीन!” पट्टा. मी ओरडले, “तीनवर खूण करा!” काडीला न दिसणारी फार वेगाची लुकलुक असू शकते, म्हणून मी प्रत्येक पट्ट्याला फोनचा कॅमेरा सगळ्यात वेगवान उघडझापीवर लावून बघत होते, काळ्या आडव्या रेघा येतात का. तीनवर बारीक रेघा आल्या. खूण पुसली. चार, कंगवा. पाच, पट्टा आणि फोनमध्येही स्वच्छ. सहा, कंगवा. सात, स्वच्छ. आठ, कंगवा. नऊ, स्वच्छ.

तोवर दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं जमली होती. प्राची नावाची एक मुलगी, कुठल्याशा ऑफिसात दिवसभर टायपिंग करणारी, मला म्हणाली, “ताई, माझंही दुपारनंतर डोकं धरतं. सगळे म्हणतात चहा सोड.”

“चहा सोडायच्या आधी ऑफिसच्या मॉनिटरसमोर पेन्सिल हलवून बघ,” मी म्हणाले. “कंगवा दिसला तर उजेड पूर्ण वाढव आणि बसायची जागा बदलून खोलीतला उजेड जुळवून घे. दोन-तीन दिवस नोंद ठेव. फरक नाही पडला तर मग चहाचं बघ.”

पाच, सात आणि नऊ. पाचचा पडदा आरशासारखा, त्यात माझंच तोंड दिसत होतं आणि मागची ट्यूबलाइट. सात आणि नऊवर मी पेन ड्राइव्हमधली छेदांची चित्रं लावली, एक जिवंत डोळा, एक मेलेला. सातवर दोन्हींतला फरक पुसट. नऊवर जिवंत डोळा असा पोपटी दिसला की नानासो म्हणाले, “ह्यो फुटंल आत्ता.”

नऊ नंबर म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला, जाड कडेचा, कुणी बघत नव्हतं असा मॉनिटर. छपाईवाल्यांसाठी मागवला होता, श्रेयस म्हणाला. खोक्यावर डोळ्याचं चित्र नव्हतं, पान नव्हतं.

निघताना श्रेयसनं गाडीची काच वाजवली. “काडी ठेवून जा.”

“घ्या की,” नानासो म्हणाले. “आमच्या बागंत ढिगानं हाईत.”

दुपारी तीन वाजता मी नव्या मॉनिटरसमोर बसले. दिवा तिसावर. साडेतीनला मी हाताचं बोट भुवईवर ठेवलं. काही नाही. चारला पुन्हा ठेवलं. सासूबाई दर दहा मिनिटांनी दारात येऊन माझं तोंड बघून जात होत्या. पाचला माझ्या लक्षात आलं की गेला तासभर मी बोट लावायचं विसरलेच होते. सूर्य मावळायच्या आत पाच प्लॉट झाले. शनिवारी दहा. प्रत्येक काडीचा तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत एकेक डोळा, जिथं शंका आली तिथं आणखी एक काडी, आणि तरीही शंका राहिली तर अजून एक. माझ्या मागं मणेराजुरीची माणसं येत होती, भांडत होती, वाकून बघत होती, आणि कुणालाच दिवा बारीक आहे असं म्हणावं लागत नव्हतं.

रविवारी दुपारी दोन्ही भावांच्या बागेच्या काड्या पडद्यावर लावल्या. पाच काड्यांपैकी दोन काड्यांत चौथ्या डोळ्यात नुसता गोळा होता, खांदे न फुटलेला, पुढं बाळी होऊन जाणारा. पाचव्या डोळ्यात पाचही काड्यांत घड, रुंद खांद्यांचा, एवढा स्पष्ट की गुंडा कुणी विचारायच्या आधीच बोलला.

“पाचवा. दिसलं म्हून म्हंतोय. दादा म्हंतोय म्हून न्हाई.”

“कसं बी म्हन,” नानासो म्हणाले, “पर म्हन.”

ते सव्वीस कागद घेऊन गेले. मी टेबल पुसत होते तेव्हा फोन वाजला. पलूसकडची शिवांजली म्हणून कुणी बाई, नानासोंच्या पाहुण्यांतली. त्यांच्या गावचे चाळीस प्लॉट होते, आणि तिला विचारायचं होतं की मी दिवसाला किती घेते. आठवडाभरापूर्वी कुणी विचारलं असतं तर मी तीन म्हणाले असते, तेही अडखळत.

“दहा,” मी म्हणाले. “उद्या सकाळी आठला पहिले दहा घेऊन या. आणि एकट्या येऊ नका. घरातलं कुणीतरी बरोबर आणा, बघायला.”